अकराव्या पानावर थांबलेले पुस्तक

‘लोक आधी माझ्या पुस्तकाकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात.’ हे वाक्य समुपदेशक म्हणून मी इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या वयाच्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे, की त्यातल्या ‘मग’ या शब्दाशी येताना आवाज कसा खाली उतरतो, हेही आता माझ्या ओळखीचे झाले आहे. एकच परीक्षा तिसऱ्यांदा देणारा विद्यार्थी मुखपृष्ठावरचे परीक्षेचे नाव तळहाताने झाकून वाचत असतो. मूल होत नाही म्हणून उपचार घेणारी स्त्री त्या विषयावरचे पुस्तक दवाखान्यात नंबर येईपर्यंत पर्समधून बाहेरच काढत नाही. धर्मग्रंथ वाचणाऱ्याला आपण कर्मठ ठरू अशी धास्ती असते, धर्माची चिकित्सा वाचणाऱ्याला आपण पाखंडी ठरू अशी असते, आणि दोघेही आपापल्या पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालतात. नैराश्यावरचे पुस्तक वाचणाऱ्याला तर ते मुखपृष्ठ म्हणजे आपल्या आजाराची चिठ्ठी कपाळावर डकवल्यासारखे वाटते. विषय वेगळे असले तरी प्रश्न एकच असतो. ज्यांना आपण ओळखत नाही आणि जे बहुधा पुन्हा भेटणारही नाहीत, त्यांच्या नजरेचा एवढा त्रास का व्हावा, आणि त्यावर करायचे काय?

या प्रश्नाला मी एका क्लायंटच्या अनुभवातून उत्तर देणार आहे. त्यांनी लिहिण्याची परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत आणि अनेक सत्रांतले बोलणे मोजक्या संवादांत आणले आहे.

त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या, व्यवसायाने लेखापरीक्षक. रोज जाता-येता मिळून जवळजवळ दोन तास रेल्वेत जात आणि वाचनासाठी त्यांच्याकडे एवढाच वेळ होता. त्या माझ्याकडे आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. दुसऱ्या सत्रात दिनक्रम सांगताना त्या ओघात म्हणाल्या, ‘‘गाडीत मी पुस्तक उघडून बसते, पण वाचत नाही.’’ मी कोणते पुस्तक म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक जाडजूड वैचारिक निबंधसंग्रह काढून टेबलावर ठेवला. त्याच्या कडा कोऱ्या होत्या. खूण म्हणून ठेवलेला गाडीचा जुना पास अकराव्या पानावर होता आणि गेले पाच महिने तो तिथून हललेला नव्हता.

‘‘हे पुस्तक आवडत नाही का?’’

‘‘मला माहीत नाही, मॅडम. मी ते वाचण्यासाठी आणलेलंच नाही. हातात काहीतरी बरं दिसावं म्हणून आणलंय.’’

त्यांना आवडत होत्या प्रेमकादंबऱ्या. भडक मुखपृष्ठांच्या, ठरावीक वळणाच्या आणि शेवटी सगळे सुरळीत होणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी अशीच एक कादंबरी वाचत असताना समोरच्या बाकावरच्या दोघींनी मुखपृष्ठाकडे पाहिले, एकमेकींकडे पाहिले आणि त्या हसल्या. घडले एवढेच. त्यानंतर पुस्तकाला खाकी कव्हर आले. पुढे कव्हरही संशयास्पद वाटू लागले, कारण ‘झाकलंय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे’ असे लोकांना वाटेल. मग गाडीतले वाचन बंद झाले आणि त्या जागी हा निबंधसंग्रह आला. रोजचे दोन तास त्या न वाचलेल्या पानावर नजर रोखून, आपण वाचणाऱ्या बाई दिसतो आहोत की नाही, याचा अंदाज घेत बसत असत. रात्री झोप न येण्याचे सगळे कारण यात नव्हते, पण दिवसातला विसाव्याचा एकमेव वेळ त्यांनी स्वतःच्या हाताने पहाऱ्याच्या कामाला लावला होता, हे मला महत्त्वाचे वाटले.

अशा वेळी बालपणापर्यंत खोदत जाण्याचा एक मार्ग असतो. मी त्या मार्गाने सहसा जात नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माझी जडणघडण झाली आहे आणि इतक्या वर्षांच्या कामानंतर तिच्यावरचा माझा विश्वास वाढतच गेला आहे. घटना आपल्याला थेट दुखवत नाही, त्या घटनेबद्दल आपण स्वतःला जे ऐकवतो ते दुखवते, हे तिचे सूत्र. म्हणून मी नेहमीप्रमाणे त्या स्वतःला काय ऐकवतात तिथून सुरुवात केली.

‘‘त्या दोघी कशावरून हसल्या?’’

‘‘माझ्या पुस्तकावरून.’’

‘‘हे तुम्हाला दिसलं, की तुम्ही ठरवलंत?’’

त्या थांबल्या. हिशेब तपासणाऱ्या व्यक्तीला नोंद आणि अनुमान यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. ‘‘दिसलं ते एवढंच, की त्यांनी पाहिलं आणि त्या हसल्या. बाकीचं मी जोडलं,’’ त्या म्हणाल्या.

मला वाटले, वाट सापडली. मी त्यांना 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाविषयी सांगितले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना एका गायकाचे मोठे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. ते चित्र किती जणांच्या लक्षात आले असेल, असे नंतर त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी सुमारे निम्म्या लोकांचा अंदाज सांगितला. प्रत्यक्षात ते ओळखता आले जेमतेम पाव लोकांना. आपल्यावर प्रकाशझोत आहे असे आपल्याला वाटते तेवढा तो नसतो, हे पटवायला हा प्रयोग मी वर्षानुवर्षे वापरत आले आहे आणि बहुतेकांचे खांदे ते ऐकून सैल पडतात.

यांचे पडले नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘म्हणजे चारातल्या एकाने पाहिलंच ना? माझ्या डब्यात समोर आठजण तरी असतात.’’

त्या एका वाक्याने मला माझ्या कामाकडे पुन्हा पाहायला लावले. ‘कोणी बघत नाही’ हा दिलासा खरा आहे, पण तो अपुरा आहे. तो देऊन मी माणसाला घरी पाठवते आणि ज्या दिवशी कोणीतरी खरोखरच बघते, खरोखरच हसते, त्या दिवशी तो दिलासा कोसळतो आणि त्याच्याबरोबर माझ्यावरचा विश्वासही. एलिस यांचा आग्रह नेमका याच ठिकाणी होता. सर्वांत वाईट तेच घडले असे क्षणभर धरून चाला आणि मग विचारा, की तरीही ते सोसता येईल का. हे मला पाठ होते; त्या दिवशी मात्र ते मला एका लेखापरीक्षकाने नव्याने शिकवले.

पुढच्या दोन आठवड्यांसाठी मी त्यांना एक काम दिले. स्वतःचे पुस्तक बाजूला ठेवायचे आणि गाडीत वाचणाऱ्या इतर माणसांची नोंद ठेवायची. पुस्तक कोणते, आपण ते किती वेळ पाहिले आणि त्या माणसाविषयी आपले मत काय झाले, एवढेच लिहायचे.

त्या वही घेऊन आल्या. पट्टीने आखलेले रकाने, तारखा, वेळा, सगळे काटेकोर. चौदा वाचकांची नोंद होती. मताच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी आडवी रेघ होती. काही ठिकाणी ‘अक्षर फार बारीक’, ‘मलाही वाचायचे आहे’, ‘शेवटाकडे आली आहे, उतरायच्या आत संपेल का?’ असे लिहिलेले होते. हे चाळताना त्यांनाच थोडे हसू येत होते. मग माझे बोट नवव्या ओळीवर थांबले. झटपट श्रीमंत होण्याचे मार्ग सांगणारे पुस्तक वाचणाऱ्या एका तरुणासमोर त्यांनी एकच शब्द लिहिला होता: ‘उथळ.’

त्या ओशाळल्या. ‘‘ते खोडायचं राहिलं.’’

‘‘खोडू नका, आपल्याला तेच हवं आहे. या मुलाचं पुढे काय झालं?’’

‘‘कशाचं काय झालं?’’

‘‘तुम्ही त्याला उथळ ठरवलंत. त्यानंतर त्याचं काय झालं?’’

त्यांनी आठवण्याचा प्रयत्न केला. ‘‘काहीच नाही. तो वाचत होता. मध्ये त्याने पेन्सिलीने एका ओळीखाली खूण केली. मग त्याचं स्टेशन आलं आणि पुस्तकात बोट घालून तो तसाच उतरून गेला.’’

‘‘तुमचं मत त्याला कळलं असतं तर?’’

‘‘वाईट वाटलं असतं त्याला.’’

‘‘आणि तो उथळ झाला असता का?’’

यानंतर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. अशा शांततेत समुपदेशकाने तोंड उघडू नये, हे शिकायला मला बरीच वर्षे लागली. त्या वहीकडे पाहत होत्या, आणि पाहता पाहता त्यांनी ‘उथळ’ या शब्दाभोवती पेनाने एक चौकोन काढला.

‘‘नाही,’’ त्या अखेरीस म्हणाल्या. ‘‘तो जसा होता तसाच राहिला असता. हा शब्द त्याच्याजवळ गेलाच नाही, मॅडम. हा माझ्या वहीत राहिला.’’

मी काहीच म्हणाले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच वर पाहिले. ‘‘मग त्या दोघींचं मत त्यांच्याजवळ का नाही राहिलं? माझ्याकडे कसं आलं?’’

या प्रश्नापाशी पोहोचण्यासाठीच सारी धडपड असते. मी तो त्यांच्याकडेच परत सोपवला. ‘‘त्या हसल्या, तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूने उभ्या राहिलात?’’

उत्तर द्यायला त्यांना पुढचे सत्र लागले, पण ते पूर्ण तयार होऊन आले. शिकलेल्या, जबाबदारीच्या जागेवरच्या बाईने असली पुस्तके वाचू नयेत, हे त्यांचे स्वतःचेच मत होते. त्या दोघी केवळ निमित्त झाल्या. आरोप आधीच तयार होता, निकालही लिहून ठेवलेला होता आणि अनोळखी माणसाच्या हसण्याने त्यावर फक्त शिक्का उमटला. माझ्या अनुभवात अशा त्रासाच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच सापडते. ज्या पुस्तकाबद्दल आपल्या मनात किंतु नसतो, त्याच्या मुखपृष्ठाकडे कोणी कितीही पाहिले तरी आपल्याला ते जाणवतही नाही.

मग मी त्यांना विचारले, की या कादंबऱ्या त्यांना का आवडतात. हा प्रश्न त्यांना यापूर्वी कोणी विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, ‘‘दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुका शोधते. तेच माझं काम आहे. त्या गोष्टींत माणसं चुका करतात, तरी शेवटी त्यांना कोणीतरी जवळ घेतं. तेवढं वाचलं की मला घरी जाता येतं.’’ एवढे चांगले कारण असलेले वाचन त्या दोन वर्षे कमीपणाचे समजत आल्या होत्या.

समज आली की भीती आपोआप जाते, असे मी मानत नाही. ती कृतीनेच जाते. एलिस यांनी लाजेवर मात करण्यासाठी जे सराव सुचवले, त्यांत चालत्या गाडीत येणाऱ्या स्टेशनांची नावे मोठ्याने पुकारण्याचाही समावेश होता. कोणालाही त्रास न होता आपण थोडे विचित्र दिसायचे आणि तरीही आपण आहोत तसेच उरतो, याची प्रचीती घ्यायची, हा त्यामागचा हेतू. आम्ही त्यापेक्षा पुष्कळ साधे काहीतरी ठरवले. कादंबरी, कव्हर न घालता, येताना-जाताना वाचायची. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, पुढे वाढवत जायचे. एक अट मात्र मी सोडली नाही. कोणी बघते आहे का, हे तपासायला पानावरून नजर उचलायची नाही.

या अटीमागे एक जुने निरीक्षण आहे. पाठीमागून कोणीतरी आपल्याकडे टक लावून पाहते आहे असे वाटते आणि वळून पाहावे तर ते खरेच निघते, या सार्वत्रिक अनुभवाविषयी एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने 1898 साली लिहिले होते. त्याचे स्पष्टीकरण असे, की आपण वळतो, त्या हालचालीने मागच्या माणसाची नजर आपल्याकडे ओढली जाते आणि नजरानजर झाली की आपल्याला वाटते, हा मघापासूनच बघत होता. मुखपृष्ठ लपवणारे माणूस दर अर्ध्या मिनिटाला मान वर करते, पुस्तकाचा कोन बदलते, पुन्हा खाली पाहते आणि या चुळबुळीमुळेच लोकांचे लक्ष वेधून घेते. ज्याला पुराव्याचा शोध असतो, त्याच्याच हालचालीतून पुरावा तयार होत जातो.

पहिल्या दिवशी त्यांच्या बोटांचा घाम कागदाला लागला आणि एकाच परिच्छेदावरून त्या चार वेळा फिरल्या. चौथ्या दिवशी पान उलटताना आपण उतरायच्या स्टेशनजवळ पोहोचलो आहोत, हे कळून त्या दचकल्या. तिसऱ्या आठवड्यात, ज्याची भीती होती ते घडले. शेजारी बसलेले एक गृहस्थ मुखपृष्ठाकडे पाहून म्हणाले, ‘‘या वयात असली पुस्तकं वाचता?’’

‘‘मी म्हटलं, हो, मला आवडतात,’’ त्या मला सांगत होत्या. ‘‘ते म्हणाले, बरं. आणि खिडकीबाहेर बघायला लागले.’’

‘‘तुम्हाला कसं वाटलं?’’

‘‘वाईट वाटलं. कान गरम झाले. पण त्या ओळीवर परत यायला मला दोन मिनिटं लागली असतील. मागच्या वेळी दोन वर्षं लागली होती.’’

मला त्या दिवशी फार समाधान वाटले आणि ते मी त्यांच्यापासून लपवलेही नाही. वाईट वाटले हे त्यांनी नाकारले नाही, याचा मला विशेष आनंद होता. कोणी टोचून बोलले तर टोचणारच. ‘मला काहीच वाटत नाही’ असे म्हणणे हे आमचे ध्येय कधीच नव्हते. वाईट वाटणे आणि स्वतःला वाईट ठरवणे या दोन गोष्टींमधले अंतर त्यांना सापडले होते.

ज्यांना हाच त्रास होतो, त्यांना माझे सांगणे आहे, की अनोळखी माणसाच्या प्रत्येक प्रतिक्रियेला एकाच मापाने मोजू नये. बहुतेक नजरा या केवळ नजरा असतात. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1963 मध्ये वर्णन केल्याप्रमाणे, सार्वजनिक जागी आपण एकमेकांकडे ओझरते पाहून, समोरच्याची दखल घेऊन नजर काढून घेतो; ती सभ्यतेची रीत आहे. अक्षरे दिसली की आपला डोळा ती वाचतोच, मग ती औषधाच्या बाटलीवरची असोत की पुस्तकावरची, आणि वाचणे म्हणजे मत बनवणे नव्हे. काही जण आपुलकीने विचारतात, ‘‘चांगलं आहे का?’’ त्या प्रश्नात उपहास शोधू नये. दोन वाक्यांत उत्तर द्यावे आणि बोलायचे नसेल तर ‘‘संपल्यावर कळेल’’ म्हणून पुन्हा वाचू लागावे. खांद्यावरून डोकावणाऱ्याला ‘‘मला एकटीने वाचू द्याल का?’’ असे सरळ सांगण्यात काही उद्धटपणा नाही. टोमणा मारणाऱ्यासमोर आपल्या वाचनाचे समर्थन करत बसण्याचे कारण नाही, कारण समर्थन सुरू केले की आपण आपणहून आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहतो. ‘‘हो, मला आवडतं’’ एवढे पुरते. आणि पुस्तकामुळे कोणी अंगावर येण्याची, पाठलाग करण्याची किंवा खरोखर इजा करण्याची शक्यता असेल, तिथे पुस्तक मिटून जागा बदलणे हाच विवेक आहे. खऱ्या धोक्याला मनाचा खेळ म्हणणे ही माझ्या व्यवसायातली मोठी चूक ठरेल.

पुस्तकाला कव्हर घालावे की नाही, असेही मला हमखास विचारतात. कव्हर हा दोष नाही. आपला आजार, आपले दुःख, आपला विश्वास चारचौघांत उघड न करण्याचा प्रत्येकाला पूर्ण अधिकार आहे आणि मोबाइलवर किंवा ई-रीडरवर वाचणाऱ्यांना तो अनायासे मिळतो. मी फक्त एवढेच विचारते, की प्रवासात ते कव्हर फाटले तर तुम्ही वाचत राहाल का? राहणार असाल, तर कव्हर तुमच्या निवडीचे आहे. पुस्तक तत्क्षणी पिशवीत जाणार असेल, तर त्यावर थोडे काम करायला हवे. आणि ही भीती पुस्तकापुरती न राहता लोकांसमोर जेवणे, सही करणे, फोनवर बोलणे, दुकानात काही विचारणे इथपर्यंत पसरली असेल, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली असेल आणि त्यापायी कामे, भेटीगाठी टळत असतील, तर ती सामाजिक भयगंडाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी वाचलेल्या सल्ल्यावर विसंबू नये, तज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटावे. त्यावर चांगले उपचार आहेत.

त्यांची झोप आता बरीच सुधारली आहे, जरी त्याला इतरही कारणे आहेत. निबंधसंग्रह त्यांनी घरी नेऊन ठेवला. आमचे काम मात्र संपलेले नाही, कारण गाडीत उघडी असणारी कादंबरी कार्यालयाच्या दाराशी अजूनही पिशवीत जाते. तिथली माणसे अनोळखी नाहीत. त्यांच्या मताचे परिणाम बढतीवर होऊ शकतात, रोजच्या बोलण्याचालण्यावर होऊ शकतात, आणि ‘तो स्टेशनवर उतरून गेला’ हे उत्तर तिथे लागू पडत नाही. गेल्या सत्रात त्यांनी त्यासाठी एक नवी वही आणली. रकाने आखून झाले होते. पहिल्या रकान्यावर त्यांनी लिहिले होते, ‘यांना कळले तर नेमके काय होईल?’ आणि त्याखाली तीन सहकाऱ्यांची आद्याक्षरे होती. त्यांतल्या एकीशी त्या येत्या आठवड्यात बोलणार आहेत.